रंग पाठ करायचे की पाहायचे? प्राथमिक शाळेतील रंगशिक्षणाचा मागोवा

प्रतिनिधी

दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा अर्धा सूर्य, खाली वळणे घेत येणारी नदी, काठावर एक झोपडी आणि तिच्या शेजारी नारळाचे झाड. महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेत चौथीच्या वर्गातील चित्रकलेच्या वह्या उघडल्या, तर हे चित्र हमखास सापडते. डोंगर तपकिरी, झाड हिरवे, सूर्य पिवळा आणि नदी निळी. खरे तर नदी पावसाळ्यात गढूळ तांबूस होते, हिवाळ्यात शेवाळी दिसते आणि उन्हाळ्यात तिचे करडे पात्र उघडे पडते, हे नदीकाठच्या मुलाला कोणी सांगावे लागत नाही. तरीही त्याच्या वहीतली नदी निळीच असते. कारण नदीचा निळा रंग त्याने पाहिलेला नसतो, पाठ केलेला असतो.

प्राथमिक शाळेतील चित्रकलेच्या तासाचे मर्म आणि त्याचे अपयश, दोन्ही या एका निळ्या नदीत सामावलेले आहे. भाषा, गणित, परिसर अभ्यास या विषयांच्या गर्दीत आठवड्यातून एकदोनदा येणारा हा तास परीक्षा जवळ आली की सर्वप्रथम रद्द होतो. तो झालाच, तर फळ्यावरचे चित्र उतरवून घेण्यात आणि ते 'रेषेबाहेर न जाता' रंगवण्यात संपतो. पहिलीत भिंतीवरही चित्रे काढणारे मूल पाचवीत येईपर्यंत 'मला चित्र काढता येत नाही' असे सांगू लागते. हा केवळ एका विषयाचा तोटा नव्हे. पाहणे, तुलना करणे, फरक ओळखणे आणि आपण पाहिलेल्यावर विश्वास ठेवणे ही शिकण्याची पायाभूत कौशल्ये होत. रंग हे ती शिकवण्याचे बहुधा सर्वांत स्वस्त साधन आहे.

सात नावे आणि असंख्य छटा

मराठी माध्यमात शिकलेल्या कित्येक पिढ्यांना इंद्रधनुष्याचे रंग 'तानापिहिनिपाजा' या एका शब्दाने तोंडपाठ आहेत. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. यातील 'पारवा' म्हणजे नेमका कोणता, असे विचारले तर मोठी माणसेही अडखळतात. पारवा हा पक्षी निळसर राखाडी रंगाचा. त्याच्या रंगाचे नाव इंद्रधनुष्यातील गडद निळ्या पट्ट्याला मिळाले. सर आयझॅक न्यूटन यांनी लोलकातून प्रकाशाचे पृथक्करण करून दाखवले आणि १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन केले. रंगांची संख्या सात ठरवताना संगीतातील सप्तकाशी मेळ घालण्याची कल्पना त्यांच्यासमोर होती. प्रत्यक्ष इंद्रधनुष्यात एक रंग कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो याची रेषा नसते. सात हा आकडा माणसाने सोयीसाठी घातलेला आहे.

शब्द आणि रंग यांचे नाते लहान वयात सहज जुळत नाही. 'चेंडू' किंवा 'मांजर' हे शब्द मूल लवकर उचलते, कारण ती बोट दाखवता येणारी वस्तू असते. 'लाल' मात्र वस्तू नसते. टोमॅटो, बसगाडी आणि आईची ओढणी या तीन वेगळ्या गोष्टींतून तो समान गुण वेगळा काढावा लागतो. म्हणूनच तीन वर्षांच्या मुलाने हिरव्याला निळा म्हटले, तर तो नजरेचा किंवा बुद्धीचा दोष मानण्याचे कारण नाही. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ साली जगातील अनेक भाषांतील रंगवाचक शब्दांची तुलना केली आणि मूलभूत रंगनामे जास्तीत जास्त अकरा असतात, असा सिद्धान्त मांडला. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. मात्र डोळ्याला दिसणाऱ्या छटा भाषेतील मूळ शब्दांपेक्षा कितीतरी अधिक असतात, याबद्दल वाद नाही.

ही उणीव प्रत्येक भाषा आपल्या परीने भरून काढते आणि मराठीने ती मोठ्या रसिकतेने भरून काढली आहे. आपली रंगनामे बहुतांशी आसपासच्या वस्तूंवरून आलेली आहेत. अबोली, मोतिया, डाळिंबी, आमसुली, वांगी, लिंबू, बदामी, केशरी, शेंदरी, विटकरी, राखाडी, पोपटी, मोरपिशी, शेवाळी, आकाशी ही नावे घेताच वस्तू डोळ्यांसमोर उभी राहते. याखेरीज रंगाची तीव्रता सांगणाऱ्या जोडशब्दांची वेगळीच श्रीमंती आहे. लालभडक आणि लालबुंद एक नव्हेत. पिवळा धमक, हिरवागार, निळाशार, काळाकुट्ट, पांढराशुभ्र या शब्दांत रंगाबरोबर त्याचा जोरही सांगितला जातो. साडीच्या दुकानात आजीबरोबर गेलेल्या मुलाला जे रंगशिक्षण मिळते, ते बारा वड्यांच्या रंगपेटीत मिळत नाही, ते यामुळेच.

या शब्दसंपत्तीचा उपयोग करणारा सर्वांत सोपा वर्गप्रकल्प म्हणजे 'रंगांची नोंदवही'. शाळेच्या आवारात दहा मिनिटे फिरून प्रत्येक मुलाने दहा हिरवी पाने आणायची, ती फिक्यापासून गडदपर्यंत क्रमाने लावायची आणि प्रत्येकाला नाव शोधायचे. आंब्याची कोवळी पालवी मुळात हिरवी नसून तांबूस असते, हे तेव्हा मुलांच्या ध्यानात येते. भाषेचा तास आणि चित्रकलेचा तास येथे एकत्र येतात आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

वयाप्रमाणे बदलणारे रंग

मुलाने निळा घोडा किंवा जांभळा माणूस रंगवला की मोठ्यांचा पहिला प्रश्न असतो, 'असा घोडा कधी असतो का?' व्हिक्टर लोवेनफेल्ड या ऑस्ट्रियात जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' या ग्रंथात या प्रश्नाचे उत्तर सापडते. त्यांच्या मांडणीनुसार साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात मूल रेघोट्या ओढते. तेथे हालचाल महत्त्वाची आणि रंग दुय्यम असतो. चार ते सात या काळात माणसे, घरे अशा आकृत्या उमटू लागतात, पण रंगाची निवड वस्तूवरून नव्हे, आवडीवरून होते. सात ते नऊ या वयात मूल स्वतःचा एक नियम बसवते. गवत हिरवे, आकाश निळे, जमीन खाली आणि आकाश कागदाच्या अगदी वरच्या कडेला एक पट्टी. नवव्या वर्षानंतर त्याला गवतातील अनेक हिरवे दिसू लागतात.

याचा अर्थ असा की दुसरीतील मुलाने वस्तूंचे रंग ठरवून टाकणे हा विकासातील स्वाभाविक टप्पा आहे. अडचण येते ती तेथेच मुक्काम ठोकला जातो तेव्हा. नवव्या-दहाव्या वर्षी नजर सूक्ष्म होत असते आणि नेमक्या त्याच वेळी शाळा 'डोंगराला तपकिरी' असे सांगून ती नजर बंद करते. आपले चित्र खऱ्यासारखे नाही हे मुलाला आता कळते. ते तसे कसे करावे हे मात्र कोणी शिकवलेले नसते. 'मला येत नाही' या वाक्याचा उगम पुष्कळदा येथे असतो. छापील आकृत्या रंगवण्याच्या पुस्तकांवरही लोवेनफेल्ड यांचा आक्षेप होता. दुसऱ्याने काढलेला निर्दोष पक्षी रंगवून झाला की मुलाला स्वतःचा ओबडधोबड पक्षी नकोसा होतो, असे त्यांचे निरीक्षण होते.

व्हिएन्ना ते सेवाग्राम

मुलांची चित्रे ही मोठ्यांच्या चित्रांची कच्ची आवृत्ती नव्हे, ती स्वतंत्र अभिव्यक्ती आहे, हा विचार फार जुना नाही. व्हिएन्ना येथे फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग सुरू केला आणि नक्कल करण्याऐवजी मुलांना स्वतःचे चित्र काढू दिले. रोममध्ये ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांतील रंगपाट्या आजही अनेक बालवाड्यांत दिसतात. पहिल्या पेटीत लाल, पिवळा, निळा यांच्या जोड्या जुळवायच्या, दुसऱ्या पेटीत अकरा रंगांच्या, आणि तिसऱ्या पेटीत नऊ रंगांच्या प्रत्येकी सात छटा गडदपासून फिक्यापर्यंत मांडायच्या. येथे नाव नंतर येते. आधी डोळा फरक ओळखतो. हा क्रम महत्त्वाचा आहे.

माँटेसरी विचार गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात १९२० पासून भारतीय मातीत रुजवला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तो महाराष्ट्रात आणला आणि अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी आणि नंतर डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले. परदेशी महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, माती यांपासून साधने करता येतात, हे या कामाने दाखवून दिले.

महाराष्ट्राच्या भूमीवरील दुसरा मोठा प्रयोग सेवाग्रामचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात हस्तव्यवसायाबरोबर चित्रकला आणि संगीत यांनाही स्थान मिळाले. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत त्यांनी तेथील मुलांबरोबर काम केले. या अनुभवावर आधारलेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाचे शीर्षकच 'आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन' असे आहे, नॅशनल बुक ट्रस्टने ते १९९८ साली प्रसिद्ध केले. कला हा शिक्षणाला जोडलेला अलंकार नसून शिक्षणाचा पाया आहे, हा त्यांचा आग्रह होता. कुंभारकलेत नाव कमावलेला हा कलावंत पुढे जागतिक शांतता चळवळीतही कार्यरत राहिला. सर्जनशीलतेला वाव मिळालेले मूल हिंसेकडे वळत नाही, ही श्रद्धा त्यांच्या दोन्ही कामांच्या मुळाशी होती.

रंगपेटीतील विज्ञान

लाल, पिवळा आणि निळा हे मूळ रंग. लाल आणि पिवळा मिळून नारिंगी, पिवळा आणि निळा मिळून हिरवा, निळा आणि लाल मिळून जांभळा. हा नियम प्रत्येक मुलाला सांगितला जातो. प्रत्यक्ष रंग कालवल्यावर मात्र अनेकदा जांभळ्याऐवजी मळकट तपकिरी हाती लागतो आणि मुलाला वाटते, आपलेच काहीतरी चुकले. चूक मुलाची नसते. रंगपेटीत 'लाल' एकच नसतो. व्हर्मिलियन हा नारिंगीकडे झुकणारा, तर क्रिमसन लेक हा गुलाबीकडे झुकणारा लाल आहे. व्हर्मिलियनमध्ये प्रशियन ब्ल्यू मिसळला की जांभळा मळतो. क्रिमसन लेकमध्ये अल्ट्रामरीन मिसळला की तो उजळ येतो. त्याचप्रमाणे लेमन यलो आणि प्रशियन ब्ल्यू यांतून पोपटाच्या पिसासारखा तजेलदार हिरवा मिळतो, तर अल्ट्रामरीनमधून शेवाळीकडे झुकणारा.

हे सांगून समजत नाही, करून समजते. पाच रंग, पाणी आणि सरबताच्या बाटल्यांची झाकणे एवढ्या साहित्यावर तीस मुलांचा वर्ग तासाभरात शंभराहून अधिक छटा तयार करू शकतो. प्रत्येकाने आपल्या छटेचे ठिपके कागदावर उमटवून त्याखाली 'दोन थेंब पिवळा, एक थेंब निळा' अशी कृती लिहायची. येथे प्रमाण आणि अपूर्णांक हे गणितातील घटक आपोआप येतात. काळा रंग सुरुवातीचे काही आठवडे पेटीतून बाजूला ठेवावा. गडद करायचे म्हटले की काळा घालण्याची सवय लागलेल्या मुलाला सावलीतील निळा आणि जांभळा दिसेनासा होतो.

याच टप्प्यावर हातातले वर्तमानपत्रही साधन ठरते. रंगीत छायाचित्र भिंगातून पाहिले की ते ठिपक्यांचे बनलेले दिसते. निळसर सायन, गुलाबीसर मॅजेन्टा, पिवळा आणि काळा या चारच शाईंतून छापखाना सगळे रंग उभे करतो. उलट दूरचित्रवाणीच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून पाहिले, तर लाल, हिरवे आणि निळे कण दिसतात. कागदावर रंग मिसळत गेले की काळोख वाढतो, प्रकाशाचे रंग मिसळले की उजेड वाढतो. पाचवीतील मुलाला हा फरक एका भिंगाने आणि एका थेंबाने कळतो.

आणखी एक प्रयोग करड्या कागदाचा. एकाच करड्या कागदाचे दोन चौकोन कापून एक काळ्या आणि दुसरा पांढऱ्या कागदावर ठेवला, तर पहिला उजळ आणि दुसरा गडद भासतो. पॅरिसच्या गोबेलँ गालिचा कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरूल यांनी या परिणामाचा कसून अभ्यास करून १८३९ साली ग्रंथ लिहिला. रंग एकटा नसतो, तो शेजाऱ्यामुळे बदलतो, हा त्याचा सारांश मुलांना दोन मिनिटांत पटतो.

स्वयंपाकघर, अंगण आणि भिंत

रंग दुकानातूनच येतात ही समजूत मोडण्यासाठी घरासारखी प्रयोगशाळा नाही. हळदीच्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकला की पिवळा रंग तांबूस होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू करण्याच्या पारंपरिक पद्धतीमागे हेच रसायन आहे. गोकर्णाच्या फुलांचे निळे पाणी लिंबाच्या थेंबाने जांभळे-गुलाबी होते. रंगपंचमीच्या सुमारास फुलणाऱ्या पळसाची फुले उकळली की केशरी-पिवळा रंग मिळतो. बिटाचा सुंदर रंग उन्हात काही दिवसांत फिका पडतो, तर गेरू वर्षानुवर्षे टिकतो. मग 'असे का?' हा प्रश्न मुलांकडूनच येतो.

महाराष्ट्राची माती हीच एक रंगपेटी आहे. कोकणात जांभ्या दगडाची तांबडी माती, पठारावर काळी कसदार माती, मधूनच पिवळसर मुरूम. सुट्टीत गावी गेलेल्या प्रत्येक मुलाने पिशवीभर माती आणायची, ती पाण्यात कालवून कापडातून गाळायची, निवळू द्यायची आणि तळाशी बसलेल्या गाळात थोडा डिंक मिसळायचा. जलरंगाच्या वडीतही रंगद्रव्य बांधून ठेवण्याचे काम डिंकच करतो. मातीचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे असतो आणि भट्टीत भाजल्यावर वीट लाल होते तीही त्यामुळेच, हे सांगितले की भूगोल, विज्ञान आणि चित्रकला यांच्यातील भिंती आपोआप गळून पडतात.

दोनच रंगांत केवढे जग उभे राहू शकते, याचा धडा पालघर जिल्ह्यातील वारली चित्रे देतात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ही चित्रे मुळात लग्नाच्या विधीशी निगडित असून तो चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा असतो. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. आज शहरांतील शाळांत वारलीचे प्रकल्प होतात ते स्वागतार्हच आहे. पण छापील वारली आकृत्यांत पांढरा रंग भरणे म्हणजे वारली शिकणे नव्हे. त्रिकोण, वर्तुळ आणि रेषा एवढ्या साधनांनी मुलांनी आपली शाळा, बसथांबा, भाजीबाजार काढला, तर ती कला त्यांना भेटली असे म्हणता येईल.

अशा प्रकल्पांत थोडी सावधगिरी हवी. पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड असतो, तो मुलांच्या हाती देऊ नये. चुन्याचे काम शिक्षकांनीच करावे, कारण तो डोळ्यांना इजा करतो. खेळण्यांचा किंवा दारे-खिडक्यांचा तैलरंग चित्रकलेसाठी वापरू नये.

'अंगाचा रंग' कोणाच्या अंगाचा?

रंगशिक्षणातील सर्वांत नाजूक प्रश्न एका खडूपाशी येऊन थांबतो. फिकट गुलाबी-पीच छटेच्या खडूला आपल्याकडे सर्रास 'स्किन कलर' म्हणतात. वर्गातील बहुसंख्य मुलांच्या त्वचेचा रंग तो नसतो. तरीही 'माझे कुटुंब' हे चित्र रंगवताना आई, बाबा, आजी आणि स्वतःला तोच रंग दिला जातो. सावळ्या मुलीने स्वतःच्या चित्रातील चेहरा फिकट गुलाबी करावा, यात रंगकामाची चूक नाही. तिच्या मनात रुजलेली गोष्ट आहे.

हा अनुभव केवळ भारताचा नाही. १९०३ साली आठ रंगांच्या पेटीने सुरुवात केलेल्या अमेरिकेतील क्रेयोला कंपनीच्या खडूंत 'फ्लेश' म्हणजे 'मांसल' नावाची अशीच छटा होती. १९६२ साली तिचे नाव बदलून 'पीच' करण्यात आले. २०२० साली याच कंपनीने त्वचेच्या चोवीस छटांची वेगळी पेटी बाजारात आणली. मराठीला मात्र नव्या पेटीची वाट पाहण्याचे कारण नव्हते. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा असे शब्द आपल्याकडे पूर्वापार आहेत. ते लग्नाच्या जाहिरातीतून काढून चित्रकलेच्या तासाला आणण्याची गरज आहे.

त्यासाठीचा प्रकल्प सोपा आहे. प्रत्येक मुलाने आपल्या मनगटाशेजारी कागद धरायचा आणि तपकिरी, पिवळा, लाल, पांढरा आणि किंचित निळा मिसळून स्वतःच्या त्वचेशी जुळणारी छटा तयार करायची. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर हे दोन रंग येथे फार उपयोगी पडतात. वर्गातील सगळ्या हातांचे ठसे एका मोठ्या कागदावर उमटवले की त्यात दोन हात सारखे दिसत नाहीत आणि एकही हात छापील 'स्किन कलर'चा नसतो. समतेचा धडा याहून कमी शब्दांत देणे अवघड आहे.

ज्याला हिरवा दिसत नाही

झाडाला तपकिरी आणि खोडाला हिरवा रंग देणाऱ्या मुलावर 'लक्ष नाही' असा शेरा मारण्यापूर्वी शिक्षकांनी क्षणभर थांबावे. लाल आणि हिरवा यांतील फरक नीट न दिसणे ही जन्मजात बाब असू शकते. तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने ती मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. भारतातील पाहण्यांत ते त्याहून कमी आढळले असले, तरी मोठ्या शाळेत अशी काही मुले असणारच. अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन यांनी १७९४ साली स्वतःच्याच या वैगुण्यावर निबंध वाचला होता. रंगीत ठिपक्यांतील आकडा ओळखण्याची इशिहारा चाचणी १९१७ पासून प्रचारात आहे आणि नेत्रतज्ज्ञ ती काही मिनिटांत करतात.

अनेक तरुणांना आपले रंगांधत्व रेल्वेचालकासारख्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत प्रथम कळते. ते आठव्या वर्षी कळले, तर शिक्षक खडूंवर नावे लिहून ठेवू शकतात, नकाशात रंगांऐवजी रेघा आणि ठिपके वापरू शकतात आणि मुलाचा हकनाक अपमान टळतो. या वैगुण्यामुळे कलेचे दार बंद व्हावे असेही नाही. पुण्यातील भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेने फिल्म एडिटिंगच्या अभ्यासक्रमाला रंगांधत्वामुळे प्रवेश नाकारलेल्या उमेदवाराच्या प्रकरणात, अशा उमेदवारांना अभ्यासक्रमांतून वगळू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला.

कागदावरील धोरण आणि वर्गातील वास्तव

धोरणांत कलाशिक्षणाची उपेक्षा झाली आहे असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य असावे, अशी भूमिका घेतली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला हा 'अभ्यासेतर' प्रकार मानू नये असे म्हटले आणि इतर विषय कलेच्या साहाय्याने शिकवण्यावर भर दिला. बालभारतीनेही 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकातून कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण एकत्र आणले.

माशी शिंकते ती मनुष्यबळाच्या प्रश्नावर. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि तीही शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांत. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूदच नाही. म्हणजे मुलाची नजर घडण्याच्या वयात कलाशिक्षक नाही आणि तो मिळतो तेव्हा मूल 'मला येत नाही' असे ठरवून बसलेले असते.

दुसरा ताण गुणांचा आहे. कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी महाराष्ट्रात चित्रकलेचे वातावरण टिकवले, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र दहावीत मिळणाऱ्या वाढीव गुणांमुळे अनेक पालकांच्या दृष्टीने चित्रकला म्हणजे या परीक्षांची तयारी, असे समीकरण झाले आहे. माध्यमिक शाळेतील ही तयारी आता तिसरी-चौथीच्या शिकवण्यांपर्यंत खाली सरकली आहे आणि 'बक्षीसपात्र' चित्रांचे साचे तेथे घोटवून घेतले जातात.

कलाशिक्षक नसला तरी वर्गशिक्षकाला पुष्कळ काही करता येते. त्यासाठी स्वतःला उत्तम चित्र काढता येण्याची अट नाही. आठवड्यातील एका तासात फळ्यावर चित्र न काढण्याचे पथ्य पाळावे. वर्गाच्या भिंतीवर निवडक पाच नव्हे, तर सगळ्यांची चित्रे आळीपाळीने लावावीत. 'छान' किंवा 'चुकले' असे न म्हणता 'हा रंग कसा तयार केलास?' असे विचारावे. मुलाची चित्रे तारीख घालून जपून ठेवावीत. वर्षअखेरीस ती क्रमाने पाहिली, तर कोणत्याही श्रेणीपेक्षा अधिक स्पष्ट प्रगतिपुस्तक हाती येते. पालकांनीही रंगवण्याच्या छापील पुस्तकाऐवजी कोरे कागद आणून द्यावेत आणि कपड्यांना लागलेल्या डागांवरून रागावणे थोडे कमी करावे.

शेवटी प्रश्न पुन्हा त्या नदीपाशी येतो. 'बाई, नदीला कोणता रंग देऊ?' असे मूल विचारते, तेव्हा 'निळा' हे उत्तर द्यायला एक क्षण पुरतो. 'तू पाहिलीस तेव्हा ती कशी दिसत होती?' असे विचारले, तर मुलाला आठवावे लागते, रंग मिसळून पाहावे लागतात आणि वेळही अधिक जातो. चित्रकलेचा तास वेळापत्रकात आहे तो या वेळेसाठीच.